ऋतुपालट आणि नांदेड-लातुरकडील बायकांचीं वस्त्रें

दसऱ्याचें सोनें वाटून होतें न होतें तोंच मराठवाड्यांतील हवा दुटप्पीपणानें वागूं लागते. पहांटे अंगणांत सडा घालणाऱ्या बाईला पदर खांद्यांभोंवतीं गुंडाळून घ्यावासा वाटतो, आणि तीच बाई दुपारीं शेताची वाट चालूं लागली कीं तिच्या पाठीवरची चोळी घामानें चिंब होते. ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास पाऊस ह्या प्रदेशांतून परततो. आभाळ निवळतें. ढगांचें पांघरूण गेल्यामुळें दिवसा ऊन आडपडदा न ठेवतां जमिनीवर पडतें, आणि रात्रीं जमिनीची ऊब तितक्याच मोकळेपणानें आभाळांत निघून जाते. दुपारीं ३२-३३ अंश आणि पहांटे २० अंश, असा फरक एकाच दिवसांत सोसावा लागतो. पुढें मार्गशीर्ष-पौषांत तो याहूनही वाढतो.

दुकानदार कपड्यांची वांटणी उन्हाळी व हिंवाळी अशी सरळ करून मोकळा होतो. खरी अडचण ह्या दोहोंच्या मधल्या पांच-सहा आठवड्यांची आहे. सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेंचणी, रब्बीची पेरणी आणि दिवाळीचें फराळाचें काम हीं सगळीं ह्याच दिवसांत येतात. म्हणजे हवा जेव्हां अधिक लहरी, तेव्हांच बायकांच्या कामाचा भर अधिक. म्हणून ऋतुपालटांत काय नेसावें, हा विषय केवळ हौसेचा किंवा नटण्यामुरडण्याचा समजणें बरोबर नव्हे.

त्यांतही नांदेड आणि लातूर हीं दोन गांवें एकाच मराठवाड्यांतलीं असलीं तरी दोघांची अडचण एक नाहीं. नांदेड गोदावरीच्या कांठीं, सखल जागीं वसलेलें आहे. मे महिन्यांत तेथें पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो, आणि आश्विनांतही दुपारचा उबारा लवकर हटत नाहीं. मात्र नदी आणि विष्णुपुरीचा जलाशय जवळ असल्यानें पाण्याची विवंचना त्या मानानें कमी. लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे. तेथें संध्याकाळचा वारा लवकर गार होतो. परंतु पाणी हा तेथील जुना घोर आहे. धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडल्यामुळें एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें; पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पांच लाख लिटर पाणी आलें. पिण्याच्या पाण्याचीच जेथें ही कथा, तेथें जाड सुती लुगडें चार बादल्यांत खळबळून काढणें कोणास परवडणार? वस्त्र निवडतांना नांदेडच्या गृहिणीनें आधीं ऊन पाहावें आणि लातूरच्या गृहिणीनें आधीं पाणी पाहावें, एवढा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

सुती वस्त्र उन्हांत सुखाचें कां वाटतें, ह्याचें कारण कापसाच्या धाग्यांत आहे. हा धागा पाणी पितो. हवेंत बेताचा दमटपणा असतां शंभर ग्रॅम कोरड्या सुती कापडांत सुमारें ८.५ ग्रॅम ओलावा मुरतो. तितक्याच पॉलिएस्टरच्या कापडांत तो अर्धा ग्रॅमही मुरत नाहीं, ०.४ ग्रॅम एवढाच. अंगावरचा घाम सुती कापड टिपून घेतें, तो कापडाच्या बाहेरच्या अंगानें वाळतो, आणि वाळतांना त्याच्याबरोबर अंगाची उष्णताही जाते. मातीच्या घागरींतलें पाणी ज्या न्यायानें गार होतें तोच हा न्याय. पॉलिएस्टरच्या साडींत घाम कातडीवरच साचून राहतो, साडी अंगाला चिकटते, आणि कांखेंत, मानेवर, कमरेभोंवतीं घामोळें उठतें.

पण कापसाची ही स्तुति सर्व ऋतूंस लागूं पडत नाहीं. जो गुण आश्विनांत उपकारक तोच श्रावणांत अपकारक होतो. पावसांत भिजलेलें सुती लुगडें वजनानें जड होतें, दोन दोन दिवस वाळत नाहीं, त्याला कुबट वास येतो आणि ओलें नेसल्यास अंगाला खाज सुटते. तेव्हां पावसाळ्यांत ज्या बाईनें हलकी, झटपट वाळणारी मिश्र धाग्याची साडी वापरली तिनें कांहीं चुकीचें केलें नाहीं. चूक होते ती पाऊस संपल्यावरही तीच साडी अंगावर ठेवण्यांत.

आणि ही चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. नांदेड जिल्हा कापसाचा. ‘गावराणी’ नांवाचा देशी कापूस ह्याच भागाचा, आणि ‘नांदेड-४४’ ह्या नांवानें १९८० च्या दशकांत शेतोशेतीं पोंचलेलें संकरित वाणही नांदेडच्याच संशोधन केंद्रांतलें. निजामाच्या राजवटींत नांदेडास उस्मानशाही गिरणी उभी राहिली होती; ती आतां बंद पडली आहे. लातूर जिल्ह्यांतील उदगिरास आजही खादी विणली जाते, आणि तेथील कापडाचे राष्ट्रध्वज नांदेडास तयार होतात. त्याहून जुनें सांगावयाचें तर इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत तगर म्हणून ज्या पेठेचा उल्लेख आहे, ती लातुरापासून फार दूर नसलेलें तेर हीच होय; तेथून भडोच बंदराकडे साधें कापड व मलमल जात असे. अशा ह्या मुलखांत भर उन्हांत वाकून कापूस वेंचणाऱ्या बाईच्या अंगावर आज बहुधा कापसाचा एक धागा नसतो. इंग्लंडांत १९४१ सालीं ज्या पॉलिएस्टर धाग्याचा शोध लागला, त्याचें वस्त्र नेसून ती कापूस वेंचीत असते.

ह्यावरून तिला नांवें ठेवणें मात्र रास्त नव्हे. पॉलिएस्टरची साडी स्वस्त मिळते. रंग जात नाहीं. इस्त्री लागत नाहीं. आणि मुख्य म्हणजे एका बादलींत धुऊन होते व तासाभरांत वाळते. बोअरच्या जड पाण्यांत साबणाला फेस येत नाहीं, सुती कापड त्या पाण्यानें राठ व मळकट होतें, हा अनुभव लातूर, औसा, निलंगा ह्या बाजूच्या घरोघरचा आहे. पाण्याच्या हिशोबानें पाहिलें तर त्या बाईची निवड शहाणपणाचीच ठरते. तिनें पाण्याची बचत केली आणि तिची किंमत अंगावरच्या उष्णतेनें मोजली. एवढाच विचार करावयाचा कीं, ही किंमत कमी कशी करतां येईल.

त्याला एक उपाय आहे. सगळी साडीच सुती असली पाहिजे असा हट्ट न धरतां, जें कापड अंगाला थेट लागतें तें आधीं सुती करावें. पोलका, परकर आणि आंतले कपडे हे सुती असले म्हणजे वरची साडी मिश्र धाग्याची असूनही निम्मा त्रास वांचतो. हे कपडे लहान असतात. त्यांना पाणी थोडें लागतें व ते लवकर वाळतात. दोन सुती पोलकीं आणि दोन सुती परकर ही ह्या ऋतूची पहिली खरेदी असावी; नवी साडी त्यानंतर. दिवाळीला घरांत नेमका उलटा क्रम चालतो. साडी भारी घेतात आणि आंतला परकर जो स्वस्त व चकचकीत मिळेल तो घेतात.

खरेदी करतांना फसगतही होते. ‘कॉटन’ असें सांगून विकलेल्या साडींत कापूस थोडा आणि इतर धागाच फार, असें पुष्कळदां निघतें. पदराच्या टोंकाचा एक धागा उपसून काडीनें पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कठीण मणी बनतो. मणीही झाला आणि थोडी राखही पडली तर कापड मिश्र समजावें. पाण्याचा थेंब टाकूनही पाहतां येतें. परंतु नव्या कापडाला खळ असल्यास ती परीक्षा फसते. हा वितळण्याचा गुण चुलीपुढें घातक ठरतो. चकल्या-शंकरपाळे तळतांना सुती पदरही पेटूं शकतो. पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतें आणि जखम खोल होते. फराळाच्या दिवसांत तळणीपुढें बसणारीनें जुनें सुती लुगडें नेसावें आणि पदर कमरेला घट्ट खोंवावा. नवी साडी पाडव्याला आहेच.

शेतांत जाणाऱ्या बायकांनीं ह्या ऋतूचा उपाय स्वतःच शोधून काढला आहे, आणि तो कोणत्याही शिंप्याच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. साडीवरून नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावयाचा, गुंड्या लावावयाच्या, आणि डोक्याला उपरणें किंवा ओढणी बांधावयाची. हातांना ऊन लागत नाहीं, पऱ्हाटीच्या काड्या ओरखडत नाहींत, पहांटेच्या गारठ्यांत तोच सदरा ऊब देतो, आणि पदर खांद्यावरून घसरत नसल्यानें दोन्ही हात मोकळे राहतात. शहरांतले कांहीं लोक ह्या वेषाला हंसतात. त्यांनीं एकदां दुपारीं बांधावर उभें राहून पाहावें. ह्यांत सुधारणा सुचवावयाची तर इतकीच कीं, सदरा सुती व फिकट रंगाचा निवडावा. गडद रंग ऊन शोषून घेतो, फिकट रंग तें परतवितो.

आतां जुन्या नेसण्याकडे वळावें. ह्या भागांतील वडीलधाऱ्या बायकांच्या अंगावर अजूनही नऊवारी लुगडें दिसतें. त्याची लांबी सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरते. इरकल हें त्यांतलें सर्वांत मानाचें. औसा, निलंगा, उदगीर, देवणी ह्या बाजूला म्हातारीच्या पेटींत इरकल नाहीं असें घर विरळा. हें लुगडें कर्नाटकांतील इळकलचें. त्याचें अंग सुती, आणि पदर व कांठ रेशमी किंवा रेशमासारख्या धाग्याचे. पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांत फांसे घालून अडकविलेले असतात, म्हणून पदर शिवलेला नसूनही निराळा दिसतो. ह्या रचनेंत हवेचा विचार आपोआप साधला गेला आहे. जेथें घाम येतो तेथें सूत, जेथें लोकांची नजर पडते तेथें रेशीम. गुळेदगुड्डचा खण चोळीला. आणि देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या तेलंगणाच्या सीमेवरील गांवांतून नारायणपेठी, तिचें अंग चौकड्यांचें व कांठ निराळ्या रंगाचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख आणि नारायणपेठ एकाच हैदराबाद संस्थानांत होतीं. लातूर हा तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्याचा तालुका, तो स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. १९५६ मध्यें राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी लग्नाच्या बस्त्यांतून नारायणपेठी कांहीं गेली नाहीं.

परंतु तरुण मुलींनीं पुन्हां नऊवारी नेसावें असा उपदेश येथें करावयाचा नाहीं. बसमध्यें चढणारीला, सायकल किंवा स्कूटर चालविणारीला तें सोयीचें नाहीं. जुन्या लुगड्यांतून घेण्यासारखें काय, तर सैल विणीचें सुती अंग आणि शोभेला कांठ-पदर, एवढें तत्त्व. सहावारी सुती इरकल किंवा खादीची साडी घेऊनही तें साधतें.

कमरेविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण ही गोष्ट बायका कोणाजवळ बोलत नाहींत. सहावारी साडीचा सगळा भार परकराच्या नाडीवर येतो. नाडी सुतळीसारखी बारीक, ती वर्षानुवर्षें एकाच जागीं करकचून बांधलेली, आणि खालीं घाम. प्रथम तेथील कातडी काळवंडते, मग जाड होते, खाजते, सालपटें निघतात. पुष्कळ जणी ह्याला साडीची खूण समजून सोडून देतात. १९४५ सालीं मुंबईचे डॉ. खानोलकर व डॉ. सूर्याबाई यांनीं धोतराच्या घट्ट बांधणीच्या जागीं होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. साडीमुळेंही असा रोग होऊं शकतो हें पुढें दिसून आलें. आणि २०२४ मध्यें वर्धा व मधुबनी येथील डॉक्टरांनीं दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यक नियतकालिकांत छापली. एकीच्या कमरेला परकराची नाडी काचत असे. दुसरी तर परकर न घालतां नुसतें लुगडें घट्ट नेसणारी होती. म्हणजे लुगडेंही ह्या बाबतींत निर्दोष नाहीं. असे रोगी फार थोडे असतात, तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु कमरेवरची जखम महिनोन्महिने भरत नसेल तर हळद दाबून बसूं नये, डॉक्टरास दाखवावी. आणि रोजच्यासाठीं उपाय अगदीं साधा आहे. परकराला बारीक नाडीऐवजीं दोन-तीन बोटें रुंद सुती पट्टा शिवून घ्यावा. गांठ कधीं उजवीकडे, कधीं डावीकडे घ्यावी. घरीं आल्यावर ती सैल करावी. आणि रात्रीं सैल गाऊन किंवा परकर-पोलका घालून निजावें. आश्विनांतल्या घामांत हा त्रास सर्वाधिक वाढतो, म्हणून ही शिवण दसऱ्याच्या आंतच उरकावी.

साडी न नेसणाऱ्याही पुष्कळ आहेत. नांदेडास सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरांत शीख बायकांची सलवार-कमीज पिढ्यान्‌पिढ्या दिसते. ती ह्या हवेला फार अनुकूल, कारण सैल आहे, हातपाय झांकते आणि ओढणी उन्हाला व गारठ्याला दोहोंस उपयोगी पडते. लातुरांत शिकवणीसाठीं गांवोगांवच्या मुली येऊन राहतात. त्यांच्या खोलींत कपाट एक आणि दोरी सामाईक. त्यांनीं तीन सुती कुडते, एक जाड ओढणी आणि एक बिनबाह्यांचा स्वेटर एवढ्यावर फेब्रुवारीपर्यंत निभवावें. घट्ट, ताणल्या जाणाऱ्या पायजम्यांपेक्षां सैल सुती सलवार त्यांना अभ्यासाला बसतांना सुखाची होईल. किनवट, माहूर, मुखेड बाजूच्या तांड्यांवरील बंजारा बायकांची फेटिया-कांचळी आतां सणासमारंभाला निघते. आरसे आणि कवड्या जडविलेलें तें वजनदार वस्त्र रोज वागविणाऱ्या आज्यांचें कौतुकच करावें.

थंडीच्या तयारींत सामान्य चूक अशी कीं, एकच जाड स्वेटर घेतात. तो पहांटे पुरत नाहीं आणि आठ वाजतां असह्य होतो. ऊब कापडाच्या जाडीपेक्षां दोन कापडांच्या मध्यें कोंडलेल्या हवेनें अधिक मिळते; म्हणून एका जाड वस्त्राऐवजीं दोन पातळ वस्त्रें बरीं. पोलक्यावर पातळ लोकरी जाकीट, त्यावर सुती शाल. ऊन चढेल तसें एकेक उतरवावें. जुन्या लुगड्यांच्या चार-पांच घड्या एकावर एक ठेवून शिवलेली वाकळ ह्याच नियमानें उबदार होते. म्हणून विरलेलें सुती लुगडें भांडेवालीला देऊं नये. पॉलिएस्टरच्या साड्यांचीही वाकळ हल्लीं शिवतात. ती दिसते रंगीत, पण अंगावरून निसटते आणि घाम मुरवीत नाहीं. सोलापुरी चादर पांघरावयाला चांगली. कडाक्याच्या रात्रीं, पारा दहाच्या खालीं उतरला म्हणजे, वाकळेवर ती घ्यावी.

राहिली पेटी. पावसाळाभर मिटलेली पेटी आश्विनांतल्या कोरड्या हवेंत उघडून सगळे कपडे एक दिवस बाहेर काढावे. सुती कपड्यांना ऊन द्यावें. रेशमाला उन्हांत टाकूं नये, सावलींत वारा द्यावा, नाहींतर रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. पैठणीची घडी मोडून निराळ्या रेषेवर घालावी. तीच घडी वर्षानुवर्षें राहिली तर कापड त्या रेषेवर चिरतें. जरीला डांबराची गोळी लागूं देऊं नये, ती काळी पडते. सावलींत वाळविलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडींत बांधून ठेवावा. उन्हाळ्यांतले सुती कपडे ठेवून देण्यापूर्वीं त्यांची खळ पूर्ण धुऊन काढावी, कारण कसर आणि झुरळें कापडापेक्षां खळीसाठीं येतात. लोखंडी पेटीच्या तळाशीं जुन्या धोतराचा तुकडा अंथरावा, म्हणजे गंजाचे डाग पडत नाहींत. सर्वांत खालीं पावसाळी साड्या, त्यांवर पातळ मलमली, मग पैठणी व इतर रेशीम. काळी चंद्रकळा मात्र अगदीं वर ठेवावी. काळा रंग ऊन धरून ठेवतो आणि संक्रांतीच्या थंडींत तेंच हवें असतें. जानेवारींत ती काढतांना सगळी पेटी पुन्हां उपसावी लागूं नये.